पगार तेवढा उधार

खोलीचं भाडं महिन्याच्या सुरुवातीला, आगाऊ. त्याच्याही आधी डिपॉझिट. मोबाइलचा रिचार्ज आगाऊ, लोकलचा पास आगाऊ, गॅसची टाकी रोख, पोराच्या क्लासची फी टर्म सुरू व्हायच्या आत. बारा-पंधरा हजारांवर काम करणाऱ्या माणसाला जे जे विकत घ्यावं लागतं, त्याचे पैसे बहुतेक वेळा आधी मोजावे लागतात. तो स्वतः एकच गोष्ट विकतो, आपली मेहनत. तिचे पैसे मात्र त्याला अख्खा महिना राबून झाल्यावर, पुढच्या महिन्याच्या सातला, दहाला, कधी पंधराला मिळतात. एक तारखेला कामावर लागलेल्याच्या पहिल्या दिवसाचा घाम रोख व्हायला सव्वा महिना लागतो.

तरी वीस तारखेनंतर खिसा रिकामा झाला की उपदेश त्यालाच. खर्च लिहून ठेवा, चहा-तंबाखू कमी करा, हप्त्यावर मोबाइल कशाला घेतला? मी काही वर्षं एका लेबर काँट्रॅक्टरच्या ऑफिसात पगारपत्रकं करत होते. त्या अनुभवावरून सांगते, या लोकांइतका काटेकोर हिशेब मी फारच थोड्या सुस्थितीतल्या घरांत पाहिला आहे. पीएफची कपात मागच्या महिन्यापेक्षा अकरा रुपयांनी जास्त का, हे विचारायला माणूस जेवणाच्या सुट्टीत धावत यायचा. ज्याला अकरा रुपये दिसतात, त्याला बजेट शिकवायला कोण जाणार?

पगार किती, हा प्रश्न मोठा आहेच. पण पगार कधी, हाही तितकाच खरा प्रश्न आहे आणि त्याकडे जवळपास कुणी बघत नाही. माझं म्हणणं एवढंच की मजुरी पंधरा दिवसांच्या आत हातात पडली पाहिजे, आणि तारीख चुकली तर मालकाला आपोआप व्याज लागलं पाहिजे, जसं मजुराची तारीख चुकली की त्याला लागतं.

शेवटच्या आठवड्यात कामगार वस्तीतल्या किराणा दुकानात जरा वेळ उभं राहून बघावं. महिन्याच्या सुरुवातीला लिटरची तेलपिशवी नेणारी बाई आता सुटं तेल मागते. तूरडाळ अर्ध्या किलोवरून शंभर ग्रॅमवर येते, मग तिची जागा बेसन घेतं, कारण पिठल्यात चार माणसं निभतात. दहाची साखर, पाचची चहापत्ती, शाम्पूची एक पुडी, दोन अंडी. घरी आमटीत पाणी वाढतं. एवढ्या छोट्या मापात घेतलेली वस्तू महाग पडते हे तिला पक्कं ठाऊक असतं, पण मोठं माप घ्यायला लागणारी रक्कम तिच्या नवऱ्याच्या मालकाकडे पडून असते. आणि एकदा वहीत नाव चढलं की दुकानही बदलता येत नाही. ‘मालक, पगार झाला की देते’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाने वर भाव कसा विचारायचा? दुकानदार देईल तो तांदूळ आणि तोच साबण. यात दुकानदाराला खलनायक करायचं कारण नाही. तोही घाऊक व्यापाऱ्याचं देणं बाकी ठेवून बसलेला असतो, आणि वहीतली दोन-चार नावं खोली सोडून गेली की ते पैसे बुडालेच.

मोबाइलचं तर नवलच. पगाराचा महिना तीस-एकतीस दिवसांचा आणि रिचार्जचा अठ्ठावीस. वर्षात महिने बारा, रिचार्ज तेरा. दूरसंचार नियामकाने २०२२ साली कंपन्यांना तीस दिवसांचा किमान एक प्लॅन ठेवायला लावला, तरी लोकांच्या हातात अजून बहुतेक अठ्ठावीसवालाच असतो. त्यामुळे रिचार्ज संपायची तारीख दर महिन्याला थोडी मागे सरकते आणि वर्षातले काही महिने ती नेमकी तंगीच्या आठवड्यात येऊन बसते. ज्याला सुपरवायझरच्या फोनवर ड्युटी कळते, त्याचा फोन बंद म्हणजे खाडा.

आता पगार उशिरा का होतो ते बघू. ऑफिसातून ते अगदी साधं दिसतं. महिना संपला की मस्टर बंद होतं. मग सुपरवायझरची सही, ओव्हरटाइमची बेरीज, पीएफ, ईएसआय. त्यावरून बिल तयार होतं, ते कंपनीत जातं, तिथे एचआरकडून अकाउंट्सकडे, अकाउंट्सकडून एखाद्या रजेवर गेलेल्या साहेबाच्या टेबलावर. बिल पास होईपर्यंत काँट्रॅक्टर हात वर करून मोकळा. कायद्याला हे मान्य नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच सांगितलं होतं की काँट्रॅक्टरने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने, म्हणजे ज्या कंपनीचं काम चालतं तिने, ती द्यायची आणि नंतर काँट्रॅक्टरकडून वसूल करायची. बिल आलं नाही ही सबब कामगारापुढे चालत नाही. पण कामगाराला ती दर महिन्याला ऐकवली जाते आणि तो ऐकून घेतो, कारण पुढच्या महिन्याची ड्युटीही तोच काँट्रॅक्टर लावणार असतो.

मधल्या काळात चालते ती उचल. सतरा-अठरा तारखेपासून लोक ऑफिसच्या दारात यायचे. ‘मॅडम, पाचशे मिळतील का? पोरगी आजारी आहे.’ साडेबारा हजार पगाराच्या माणसाच्या तोवर पंधरा-सोळा ड्युट्या भरलेल्या असायच्या, म्हणजे साडेसात हजारांच्या आसपास त्याचंच येणं ऑफिसकडे निघायचं. त्यातले पाचशे मागताना तो चप्पल बाहेर काढायचा. शेठ मूडमध्ये असले तर पाचशेच्या जागी तीनशे मिळायचे, रजिस्टरवर सही घेतली जायची आणि वर ‘किती वेळा घेतोस रे’ हे ऐकावं लागायचं. स्वतःच्या कमाईतला तुकडा मागायला कारण सांगावं लागतं, आणि ते कारण पुरेसं दुःखाचं असावं लागतं. दवाखान्याला उचल मिळते, मेव्हण्याच्या लग्नातल्या आहेराला मिळत नाही.

यात नवीन काही नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत हेच चालायचं. पगार महिन्याचा, आणि तोही पुढच्या महिन्यातले दहा-पंधरा दिवस गेल्यावर. म्हणजे गिरणी कामगाराचे सहा आठवड्यांचे पैसे कायम मालकाकडे अडकलेले. अहमदाबादेत मात्र ‘हप्ता’ होता, साधारण पंधरवड्याचा. धंदा तोच, माग तेच, कापूसही तोच, तरी एका गावात पंधरवडा जमायचा आणि दुसऱ्यात महिना लागायचा.

१९२९ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली हिंदुस्थानातल्या मजुरांविषयीचं रॉयल कमिशन नेमलं गेलं. आपले ना. म. जोशी त्याचे एक सदस्य होते. १९३१ च्या अहवालात कमिशनने नोंदवलं की बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि व्याजाचा एक सर्रास दर रुपयाला महिन्याकाठी एक आणा आहे. वर्षाचा हिशेब केला तर पंचाहत्तर टक्के. कमिशनने मजुरांना व्यसनमुक्तीची व्याख्यानं सुचवून काम संपवलं नाही. मोठ्या कारखान्यांतल्या कामगारांना सोळा दिवसांपेक्षा जास्त थांबवू नये, असं त्याने सुचवलं. पगाराच्या दिवशी सावकार वसुलीसाठी कारखान्याच्या दरवाजाशी दबा धरून उभे राहत. तसं उभं राहणं हाच फौजदारी गुन्हा ठरवावा, असंही म्हटलं.

त्यातून १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. हजाराच्या आत कामगार असतील तर सात तारखेपर्यंत, जास्त असतील तर दहापर्यंत पगार. दिरंगाईला लगाम बसला हे खरं, पण सोळा दिवस गळाले आणि महिना राहिला. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात दहा तारखेची सवलत गेली, सगळ्यांना सात तारीख झाली, काम सोडलेल्याचा हिशेब दोन दिवसांत करायची अट आली. हे चांगलंच आहे. पण पगाराची मुदत रोजची, आठवड्याची, पंधरवड्याची की महिन्याची, हे ठरवायचं मालकानेच. महिन्याच्या वर जाऊ नये, इतकंच बंधन. नव्वद वर्षांपूर्वी जी शिफारस बाजूला पडली, ती अजून तिथेच आहे.

मालकाने थकवलेल्या पैशाचा भार शेवटी कुठे जाऊन पडतो, हे गिरणगावाने फार स्पष्ट दाखवलं. कोकणातून, घाटावरून आलेला एकटा पुरुष खानावळीत जेवायचा. खानावळवाली बाई म्हणजे बहुधा दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक करणारी कुणाची तरी बायको किंवा विधवा. तिची माणसं महिनाभर जेवणार आणि पगार झाल्यावर पैसे देणार. तोवर तांदूळ, डाळ, रॉकेल तिने आणायचं, वाण्याकडून उधार किंवा सावकाराकडून व्याजाने. म्हणजे गिरणी पगार थांबवणार, कामगार खानावळीचे पैसे थांबवणार आणि साखळीत सगळ्यांच्या खाली उभ्या असलेल्या बाईने अंगावरचा दागिना गहाण टाकून सगळ्यांना जेवू घालायचं. भांडवल कुणाचं? मुंबईच्या कापडधंद्याला लागलेल्या खेळत्या भांडवलातला एक वाटा या बायकांच्या डोरल्यांतून आलेला आहे, असं मी म्हटलं तर अर्थशास्त्रज्ञ हसतील. हसू देत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी, आणि पहिलं काम केलं ते त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवून द्यायचं. पुरवताईंना समजलं होतं की या बाईला स्वयंपाक शिकवायची गरज नाही. तिला अडचण आहे ती मधल्या दिवसांची.

आज चाकण-रांजणगावला, तळोज्याला, वाळूजला एका खोलीत पाच-सहा पोरं राहतात. त्यांची मेस चालवणारी बाई तेच करते. मेसवाली आता महिन्याचे पैसे आगाऊ मागते, असं तिच्याबद्दल तक्रारीच्या सुरात सांगितलं जातं. तिनं तरी किती दिवस कंपनीच्या बिलाची वाट बघायची?

मधले दिवस उधारीवर काढायचे म्हटले की दर कोण लावतो आणि किती लावतो, हा मुद्दा येतो. वस्तीत डेली कलेक्शनवाला असतो. दहा हजार मागितले की हातात नऊ हजार, मग रोज शंभर रुपये, शंभर दिवस. ऐकायला सोपं, हजारभर रुपये तर जास्त. पण मुद्दल रोज कमी होत असतं हे लक्षात घेऊन हिशेब मांडला तर वर्षाचा दर अठ्ठ्याहत्तर टक्क्यांच्या घरात जातो. व्हिटली कमिशनच्या एक आण्याच्या अगदी शेजारी. महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, परवाना लागतो, आणि शेतकरी नसलेल्याला बिनतारण कर्ज असेल तर वर्षाला अठरा टक्क्यांची मर्यादा सरकारने घातली आहे. वस्तीत हा आकडा सांगितला तर लोक विचारतात, महिन्याला अठरा का?

आणि आता मोबाइलवरची कर्ज देणारी ॲपं. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ च्या अहवालात अशी साधारण अकराशे ॲपं मोजली, त्यातली सहाशे बेकायदा. यातल्या लुटारू ॲपांची रीत ठरलेली होती. पाच हजार मंजूर, हातात तीन-साडेतीन हजार, सात दिवसांत पाच हजार परत. चुकलं की फोनमधले सगळे नंबर त्यांच्याकडे असायचेच. मग सासऱ्याला फोन, वहिनीला मेसेज, सुपरवायझरला फोटो. सावकार पूर्वी गिरणीच्या दरवाजावर उभा राहायचा, आता तो थेट नातेवाइकांच्या खिशात शिरला. तेलंगणात २०२० च्या अखेरीस यापायी आत्महत्या झाल्या तेव्हा कुठे यंत्रणा हलली. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेचे नियम आले. पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात जावेत, वर्षाचा खरा दर आधी सांगावा, फोनमधल्या नंबरांना हात लावू नये. वसुलीचे फोनही सकाळी आठ ते संध्याकाळी सात याच वेळेत. नियम चांगले आहेत. पण बेकायदा ॲपवाला नियम वाचून धंदा करत नाही, आणि पंचवीस तारखेला ज्याच्या घरात औषधाला पैसे नाहीत तो ॲपची नोंदणी तपासत बसत नाही.

बँकांची तऱ्हा वेगळी. त्या सभ्य आहेत, पण दया त्यांच्याकडेही नाही. कर्जाचा हप्ता पाच तारखेला कापायचा हे कर्ज देणाऱ्याने ठरवलेलं. पगार सातला, आणि प्रत्यक्षात दहा-बाराला. पाचला खात्यात चारशे रुपये, हप्ता अठराशेचा. हप्ता बाउन्स. कामगाराची बँक त्याबद्दल चारशे-पाचशे रुपये कापणार, वर अठरा टक्के जीएसटी, आणि कर्ज देणारी कंपनी आपला दंड वेगळा लावणार. पाच दिवसांच्या फरकापायी दोन-तीन दिवसांची मजुरी गेली. चूक कुणाची? माणसाचे पैसे नव्हते असं नाही, ते मालकाकडे होते. पुढे काँट्रॅक्टर बदलला की पगाराचं खातंही बदलतं. जुन्या खात्यात काही महिने पगार आला नाही की ते साधं बचत खातं होतं आणि त्यावर किमान शिल्लक नसल्याचा दंड सुरू होतो. सरकारी बँकांनी २०१९-२० पासूनच्या पाच वर्षांत या नावाखाली जवळपास साडेआठ हजार कोटी रुपये घेतल्याचं सरकारनेच जुलै २०२४ मध्ये संसदेत सांगितलं. स्टेट बँकेने २०२० मध्येच तो बंद केला होता, २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी केला. म्हणजे तो न घेताही बँक चालते.

याच्या शेजारी कामगाराला उशिराबद्दल काय मिळतं ते ठेवून बघा. २००५ च्या रोजगार हमी कायद्याखाली पंधरा दिवसांत मजुरी मिळाली नाही तर भरपाई ठरली होती दिवसाला ०.०५ टक्के. दोन हजार रुपये महिनाभर थकले तर तीस रुपये. इतर कामगाराला आपोआप तेवढंही नाही. त्याने अर्ज करायचा, अधिकाऱ्यापुढे जायचं, तारखा घ्यायच्या. कायद्यात दाव्याच्या दहापट भरपाईपर्यंतची तरतूद आहे, पण सात-आठ दिवसांच्या उशिरासाठी रोज बुडवून लेबर ऑफिसला खेटे घालणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

आणि आपल्या कायद्याला आपोआप व्याज लावता येत नाही, असंही नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात लहान पुरवठादाराचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यायचे, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, असं स्पष्ट लिहिलं आहे. पुढे आयकर कायद्यातही तशी मेख मारली की पैसे मुदतीत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च धरताच येणार नाही, आणि कंपन्यांचे अकाउंट्सवाले खडबडून जागे झाले. म्हणजे आमच्या शेठने लघुउद्योग म्हणून नोंदणी केली असेल तर कंपनीने थकवलेल्या बिलावर ते तिप्पट दराने व्याज मागू शकतात. त्याच बिलात ज्यांचे हातपाय मोजलेले आहेत त्या माणसांना व्याजाचा एक पैसा नाही. हा फरक कुणी जाणूनबुजून केला असेल असं मला वाटत नाही. संसदेत बसणाऱ्यांच्या ओळखीत थकलेल्या बिलाचा माणूस असतो, थकलेल्या पगाराचा नसतो.

पंधरवड्याच्या पगाराला हरकती घेतल्या जातात. सगळ्यात जुनी अशी की दोनदा पगार म्हणजे दोनदा दारू. ही हरकत घेणाऱ्यांना पगार रोखून दारू कमी होते असं खरंच वाटत असेल, तर त्यांनी आपापल्या मुलांचा आयटीतला पगार वर्षातून एकदा घेऊन बघावा. कारकुनी काम वाढतं ही दुसरी. मी ते काम केलं आहे. पूर्वी पाकिटं भरावी लागायची, चिल्लर मोजावी लागायची, अंगठे घ्यावे लागायचे. आता हजेरी बोटाच्या ठशावर किंवा चेहऱ्यावर, पगार बँकेच्या फाइलवर. पीएफ-ईएसआयचा हिशेब महिन्याचाच ठेवावा, पंधरवड्याला ढोबळ रक्कम सोडावी, उरलेलं महिनाअखेर जुळवावं. ‘कमावलेल्या पगारातून आताच काढा’ म्हणणारी ॲपं काही मोठ्या कंपन्यांत आलीच आहेत, आणि ती दर वेळी काहीतरी फी घेऊन माणसाला त्याचेच पैसे देतात. आज अमक्याचे किती दिवस भरले हे ॲपला कळतं तर मालकाला का कळू नये? इचलकरंजीचा यंत्रमागवाला कुठलंही सॉफ्टवेअर नसताना वर्षानुवर्षं आठवड्याला पगार करतो. गावाकडे शेतमजुराचा हिशेब बाजाराच्या दिवशी होतो, कारण त्या दिवशी मीठ-मिरची घ्यायची असते हे शेतकऱ्याला समजतं.

एक हरकत मात्र मला टाळता येत नाही. खूप लोकांना एकरकमी पैसे हवे असतात. भाडं एकदम द्यावं लागतं, गावी पाठवायचे एकदम पाठवावे लागतात. छोट्या छोट्या रकमा हातात आल्या की त्या विरघळतात, हे बायका स्वतः सांगतात. म्हणून तर भिशी चालते. दर महिन्याला थोडं बाहेर काढून ठेवायचं आणि एकदा ढीगभर घ्यायचं. हे खरं आहे. पण भिशीत माणूस स्वतः ठरवून पैसे अडकवतो, नंबर कधी लागणार हे त्याला ठाऊक असतं, आणि अडचण असली तर बाकीच्या बायका नंबर बदलून देतात. मालकाकडे अडकलेल्या पैशांना यातलं काही लागू नाही. कामगाराने लिहून दिलं की मला महिन्यालाच हवा, तर महिन्याला द्या. आज कागदावर ती निवड मालकाकडे आहे, ती कामगाराकडे आणायची, इतकंच.

पंधरवड्याने पगाराची रक्कम एका रुपयानेही वाढत नाही, हेही कबूल. ज्याला नऊ हजारांत पाच माणसं पोसायची आहेत त्याला कुठल्याही तारखेला कमीच पडणार. त्यासाठी किमान वेतन आहे, रेशन आहे, आणि तिथे तर आणखी अंधार आहे. अन्न सुरक्षा कायद्याखाली माणशी पाच किलो धान्य मिळायला महाराष्ट्रात शहरी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ५९ हजार ठरली, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही. किमान वेतन घेणारा कुठलाही कामगार, सरकारने ठरवलेलं वेतन घेतो म्हणूनच, सरकारच्या लेखी त्या धान्याला अपात्र ठरतो. मग कुणी उत्पन्नाचा दाखला खोटा काढतो, कुणी रेशन सोडून देतो. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली तेव्हा तिच्या रांगेत बेकारांबरोबर नोकरीवाले, गळ्यात ओळखपत्र असलेलेही दिसायचे. पगाराची तारीख बदलून ही रांग संपेल असं मी म्हणत नाही. बाउन्सचे पाचशे, डेली कलेक्शनचे हजार, सुट्या मालातले रोजचे पाच-दहा, हे जे कमी पगारातूनही वर कापलं जातं, ते थांबवण्याजोगं आहे.

इथे आणखी एक गफलत होते म्हणून सांगते. मी आगाऊ पैसे मागत नाही. ऊसतोडीची उचल आपल्यासमोर आहे. मुकादमाकडून हंगामाआधी पैसे घ्यायचे आणि जोडप्याने कोयता घेऊन ते फेडत राहायचं. न केलेल्या कामाचे पैसे आधी घेतले की माणूस बांधला जातो. झालेल्या कामाचे पैसे वेळेवर घेतले की तो मोकळा राहतो. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे चार पैसे जास्त मिळत असतील तर तो जाऊ शकतो. मला वाटतं, महिनाभर पैसे अडकवून ठेवण्यात मालकांना जो फायदा दिसतो, त्यात व्याजाइतकाच हाही आहे. अर्ध्या महिन्यात काम सोडलं तर हिशेब मिळेल की नाही या धास्तीनेच कितीतरी लोक पुढचा पगार होईपर्यंत थांबतात, आणि तो झाला की परत पुढच्यात अडकतात.

लहान वर्कशॉपवाल्याची अडचण खरी आहे. पाच माणसं ठेवून जॉबवर्क करणाऱ्याचे स्वतःचे पैसे मोठ्या कंपनीकडे दोन-दोन महिने अडकतात. त्याच्यावर पंधरवड्याची सक्ती पहिल्या दिवशी करू नये. सुरुवात वरून करावी, जिथे पैसा असतो तिथून. आणि सगळ्यात वर सरकार आहे. महापालिकांचे कचरा उचलणारे, रुग्णालयांतले सफाईवाले, सरकारी कार्यालयांतले सुरक्षारक्षक, पाणीपुरवठ्यातले पंपचालक यांतले हजारो लोक काँट्रॅक्टरकडे आहेत आणि त्यांचा मूळ मालक पालिका किंवा शासन आहे. काँट्रॅक्टरचं बिल अडवणारं टेबलही त्यांचंच. निविदेच्या अटी दरवर्षी नव्याने छापल्या जातात. त्यात लिहावं की मजुरी दर पंधरवड्याला बँकेत जमा झाली पाहिजे, उशीर झाला तर दिवसागणिक ठरावीक रक्कम काँट्रॅक्टरच्या बिलातून कापून थेट कामगाराच्या खात्यात जाईल, आणि पालिकेनेच बिल अडवलं असेल तर ती रक्कम पालिका भरेल. यासाठी नवा कायदा नको, दिल्लीची परवानगी नको. स्थायी समितीची एक बैठक पुरते.